सलिव्हन आडनावाचं मूळ, गळालेलं 'ओ' आणि तांब्यामागे गेलेली माणसं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सुनेचं माहेरचं आडनाव सलिव्हन. तिचे पणजोबा जेरेमाया अमेरिकेत मोंटाना राज्यातल्या ब्यूट गावी तांब्याच्या खाणीत होते आणि घरात एवढंच ठाऊक की ते 'काउंटी कॉर्कचे'. नातवासाठी वंशावळ करायला घेतलीय. मूळ गाव कसं शोधायचं, आडनावाआधीचं 'ओ' अमेरिकेत उतरताना कारकुनाने उडवलं हे खरं का, आणि व्याह्यांच्या दिवाणखान्यात टांगलेलं राजचिन्ह त्यांच्या घराण्याचं आहे का.

राजचिन्हाचं आधी उरकून टाकतो, कारण त्यात फार काही नाही. असं चिन्ह आडनावाला मिळत नाही, एका माणसाला आणि त्याच्या वंशाला मिळतं. दुकानात 'सलिव्हन' म्हणून जे विकतात ते त्या आडनावाच्या कुठल्यातरी सरदाराचं असतं. भिंतीवर शोभतं, राहू द्या. वंशावळीत मात्र काढू नका.

आता 'ओ'. एलिस आयलंडच्या (न्यूयॉर्क बंदरातल्या स्थलांतरितांच्या तपासणी केंद्राच्या) कारकुनाने नाव बदललं ही गोष्ट अमेरिकेत घरोघरी सांगतात आणि जवळजवळ प्रत्येक वेळी ती चुकीची निघते. एलिस आयलंडचं केंद्र १ जानेवारी १८९२ ला उघडलं. (तिथे नोंद झालेली पहिली प्रवासी कॉर्कहून आलेली ॲनी मूर नावाची मुलगी.) तिथले कारकून नावं लिहून घेत नव्हते. जहाज कंपनीने निघण्याच्या बंदरावर तयार केलेली यादी समोर ठेवून माणसं तपासत होते. तुमच्या जेरेमायाच्या बाबतीत ते बंदर बहुधा क्वीन्सटाउन, म्हणजे आजचं कोव्ह. तिथे ते सलिव्हन म्हणूनच बोटीत चढले असणार, कारण 'ओ' त्याआधी दीडदोनशे वर्षांपासून आयर्लंडमध्येच गळत होतं. सतराव्या-अठराव्या शतकात जमिनी, न्यायालय, करवसुली सगळं इंग्रजीत गेलं. कॅथलिकांवर निर्बंध आले आणि आयरिश वळणाचं नाव लावण्यात तोटाच होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मन्स्टर या दक्षिणेकडच्या प्रांतात (कॉर्क, केरी त्यातच) 'ओ' लावणारा सलिव्हन विरळा होता.

ते परत आलं १८९३ नंतर. त्या वर्षी डग्लस हाइड, ओइन मॅकनील वगैरेंनी आयरिश भाषेसाठी गेलिक लीग ही संघटना काढली, भाषेचा अभिमान वाढला आणि लोक हळूहळू आपलं 'ओ' पुन्हा लावू लागले. १९०१ च्या जनगणनेत 'सलिव्हन' असलेलं घर १९११ ला 'ओ'सलिव्हन' झालेलं मी कितीदा पाहिलंय. माणसं तीच, चूलही तीच. जे त्याआधी अमेरिकेला गेले ते सलिव्हनच राहिले. म्हणून आज एका भावाची पणतवंडं मोंटानात सलिव्हन आणि दुसऱ्याची कॉर्कमध्ये ओ'सलिव्हन असतात. शोधताना दोन्ही रूपं टाका.

आता मूळ. आयरिशमध्ये हे नाव 'ओ सूलवान', म्हणजे सूलवान नावाच्या पूर्वजाचे वंशज. तो माणूस दहाव्या शतकातला, कॅशेलच्या ओनाख्त राजकुळातला मानतात. सलिव्हन म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे समुद्र आणि खडकाळ डोंगर येतात, पण त्यांचं पहिलं ठाणं समुद्रापासून बरंच आत होतं: टिपररी काउंटीच्या दक्षिणेला, केहर गावाजवळचं नॉकग्रॅफन. शूर नदीकाठची सुपीक गवताळ जमीन. बाराव्या शतकाच्या अखेरीला नॉर्मन तिथे आले, त्यांनी मातीचा उंच ढिगारा रचून त्यावर गढी बांधली (तो ढिगारा आजही आहे), आणि सलिव्हन पश्चिमेला ढकलले गेले. या घराण्याचं हे पहिलं मोठं स्थलांतर. चांगली जमीन गेली, वाट्याला केरी आणि पश्चिम कॉर्कचा दगड आला.

तिथे दोन मोठ्या शाखा झाल्या. थोरली ओ'सलिव्हन मोर, केनमेअरजवळ डंकेरनला. धाकटी ओ'सलिव्हन बेअरा, त्याच नावाच्या द्वीपकल्पावर, किल्ला डनबॉय. थोरल्या शाखेतूनच मॅकगिलिकडी हे वेगळं आडनाव फुटलं. आयर्लंडमधलं सगळ्यात उंच शिखर ज्या रांगेत आहे ती मॅकगिलिकडीज रीक्स त्यांच्याच नावाची. म्हणजे रक्ताने सलिव्हन असलेला माणूस आडनावाने सलिव्हन असेलच असं नाही.

बेअराचे सलिव्हन जमिनीपेक्षा पाण्यावर जगले. त्यांच्या खाडीत मासेमारीला येणारी परकी जहाजं, त्यात स्पॅनिशही, त्यांना पट्टी देत. स्पेनशी दारूचा आणि माशांचा व्यापार होता. या स्पॅनिश ओळखीमुळेच पुढचं सगळं घडलं. किन्सेलच्या लढाईत (जुन्या पंचांगाप्रमाणे डिसेंबर १६०१) आयरिश आणि स्पॅनिश बाजू इंग्रजांपुढे हरली. जून १६०२ मध्ये इंग्रज सेनानी जॉर्ज कॅर्यूने डनबॉय तोफांनी उद्ध्वस्त केला. शाखेचा प्रमुख डोनल कॅम त्या वेळी किल्ल्यात नव्हता. वर्षअखेरीला, ३१ डिसेंबरला, तो ग्लेनगॅरिफहून सुमारे हजार माणसं घेऊन निघाला. त्यात चारेकशे लढणारे, बाकी बायका, मुलं, नोकरचाकर. जायचं होतं लीट्रिमला, ओ'रोर्क सरदाराकडे. अंतर चारशे किलोमीटरच्या आसपास, भर हिवाळा, वाटेत जवळजवळ प्रत्येक गाव अंगावर येणारं. शॅनन नदीवर होड्या मिळू दिल्या गेल्या नाहीत, तेव्हा त्यांनी आपले घोडे मारले, मांस खाल्लं आणि फांद्यांच्या सांगाड्यांवर त्यांची कातडी ताणून होड्या केल्या. दोन आठवड्यांनी, १४ जानेवारी १६०३ ला, लीट्रिमला पोचले तेव्हा ३५ जण उरले होते. बाकीच्यांतले बरेच मेले, काही मागे पडले, काही वाटेतल्या गावांत राहून गेले. डोनल पुढे स्पेनला गेला, तिथे त्याला उमराव केलं आणि १६१८ मध्ये माद्रिदमध्ये त्याचा खून झाला. हे तपशील आपल्याला मिळतात ते मुख्यतः त्याच्या पुतण्याकडून. फिलिप ओ'सलिव्हन बेअराने १६२१ मध्ये लिस्बनला लॅटिनमध्ये इतिहास छापला. काकाची बाजू तो घेतो हे उघड आहे, तेवढं वजा करून वाचायचं.

ही गोष्ट तुमच्या नातवाला जरूर सांगा, पण 'हे आपले पूर्वज' म्हणून सांगू नका. तुमच्या सुनेचे पूर्वज जवळपास नक्की मागे राहिलेल्यांपैकी होते.

सलिव्हन इतके का, हेही इथेच कळतं. जुन्या गेलिक व्यवस्थेत सरदाराला मुलगे पुष्कळ, बापाने मान्य केलेले विवाहबाह्य मुलगेही वाटेकरी. प्रत्येक पिढीत धाकट्या पात्या खाली सरकत, आणि त्यांना जमीन द्यायची म्हणजे आधीच्या कुळांना हलवायचं. चारपाचशे वर्षं असं चाललं की राजाचं नाव शेतमजुराकडे येतं. १८९० च्या जन्मनोंदींवरून रजिस्ट्रार जनरलच्या कचेरीतल्या मॅथेसनने आडनावांची मोजणी केली. मर्फी पहिलं, केली दुसरं, सलिव्हन तिसरं. त्या वर्षी सलिव्हनांचे ९७५ जन्म, त्यावरून लोकसंख्येचा अंदाज ४३,६००. आणि हे देशभर पसरलेले नव्हते, बहुतेक सगळे कॉर्क आणि केरीत. म्हणून 'सलिव्हन, काउंटी कॉर्क' एवढ्या माहितीवर शोध लागत नाही. आडनाव सगळ्यांचंच आहे. आपल्याला हवं आहे ते एका जेरेमायाला दुसऱ्यापासून वेगळं करणारं काहीतरी.

तुमच्याकडे ते आहे, फक्त तुम्हाला ते महत्त्वाचं वाटलं नाही: ब्यूट.

बेअराच्या टोकाला ॲलिहीज नावाचं गाव आहे. तिथे १८१२ च्या सुमारास पक्सली नावाच्या जमीनदाराने तांब्याच्या खाणी सुरू केल्या. कारागीर कॉर्नवॉलहून आणले, हमाल आणि खणकर स्थानिक, त्यात सलिव्हन ढीगभर. कच्चं तांबं बोटीने वेल्समध्ये स्वान्सीला वितळवायला जाई. त्यामुळे १८४५ चा मोठा दुष्काळ येईपर्यंत इथे एक पिढी अशी तयार झाली होती जिला खडकात सुरुंग लावता येत होता. बाकीच्या पश्चिम आयर्लंडमधून निघणाऱ्याला बटाटे सोडून फारसं काही येत नसे. हा फरक मोठा. ॲलिहीजचं काम मंदावलं तशी माणसं आधी मिशिगन राज्यातल्या केवीनॉच्या तांब्याच्या पट्ट्यात गेली, आणि १८८० च्या दशकात ब्यूटला. ॲलिहीजची खाण १८८४ मध्ये बंद पडली, नेमकी त्याच सुमारास ब्यूटला ॲनाकोंडा या तांबेखाणीचा मालक मार्कस डेली (हाही आयरिश, कॅव्हन काउंटीचा) माणसं घेत होता. १९०० मध्ये ब्यूटच्या लोकसंख्येचा चौथा हिस्सा आयरिश होता. बेअरावरच्या आयरीज या एका पॅरिशमधून (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावांतून) १८७० ते १९१५ दरम्यान गेलेल्या १,७०० जणांपैकी १,१३८ जण ब्यूटला पोचले, असं इतिहासकारांनी मोजलंय. तेव्हा ब्यूटचा खाणकामगार, सलिव्हन, काउंटी कॉर्क असं तिन्ही एकत्र आलं की मी नकाशावर थेट बेअरावर बोट ठेवतो आणि तिथे नाही सापडलं तरच बाहेर पडतो.

दुसरा मोठा प्रवाह दुष्काळाचा, १८४५ ते १८५२. देशभरात दहा लाखांच्या आसपास माणसं मेली आणि तितकीच बाहेर पडली. सलिव्हनांच्या मुलखात त्यात एक वेगळा प्रकार झाला. केनमेअरची बरीच जमीन लॅन्सडाऊनच्या मार्क्विसची. १८५१ मध्ये त्याचा कारभारी विल्यम स्टुअर्ट ट्रेंचने हिशेब मांडला, की वर्कहाउसात (गरिबांसाठीच्या आश्रयगृहात) पोसण्यापेक्षा या लोकांचं अमेरिकेचं भाडं भरलेलं स्वस्त पडेल. साडेचार हजारांच्या आसपास माणसं अशी रवाना झाली. त्यातली पुष्कळ न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्स या कुप्रसिद्ध वस्तीत गेली. अंगावर चिंध्या घेऊन उतरलेल्या याच लोकांची एमिग्रंट सेव्हिंग्ज बँकेतली खाती पुढे पाहिली तर शिल्लक चक्रावून टाकते. (या मार्क्विसचा नातू १८८८ ते १८९४ आपला व्हाइसरॉय होता. उत्तराखंडातलं लॅन्सडाऊन त्याच्या नावाचं. केनमेअरच्या शेतसाऱ्यावर उभ्या राहिलेल्या घराण्याचं नाव गढवालच्या डोंगरात आहे, याची गंमत वाटते.)

मुंबईशीही या आडनावाचा धागा आहे. लॉरेन्स सलिव्हन हा आयर्लंडमध्ये जन्मलेला माणूस १७४० च्या दशकात मुंबईत कंपनीच्या नोकरीत होता. परत गेल्यावर १७५८ मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीचा अध्यक्ष झाला. पुढे कंपनीच्या गोऱ्या पलटणींत आयरिश शिपाई भरपूर आले. बंगालच्या अशा पलटणींतून १८८१ मध्ये रॉयल मन्स्टर फ्युझिलिअर्स बनली आणि तिचं ठाणं केरीतल्या ट्रलीला गेलं. इगतपुरी-भुसावळकडच्या अँग्लो-इंडियन रेल्वे कुटुंबांत एखादं सलिव्हन आढळलं तर शोध या बाजूने सुरू करावा लागतो, बेअराच्या पॅरिशमधून नव्हे. तुमच्या सुनेच्या बाबतीत ही वाट नाही.

आता प्रत्यक्ष काम. आयर्लंडची कागदपत्रं आत्ता उघडूच नका. गावाचं नाव जवळजवळ नेहमी अमेरिकेच्या बाजूला सापडतं. ब्यूट-सिल्व्हर बो अभिलेखागारात शहराच्या जुन्या डिरेक्टऱ्या आहेत. त्यात वर्षावर्षाला कोण कुठे राहत होतं, कुठल्या खाणीत होतं ते मिळतं. एकाच पत्त्यावर राहणारी इतर आडनावं टिपून घ्या. खानावळीत एकत्र राहणारे शे, हॅरिंग्टन, लोनी बऱ्याचदा शेजारच्या वाडीचे असतात. मग चर्चमधली लग्ननोंद, मृत्युपत्रक, वर्तमानपत्रातली निधनवार्ता, कबरीवरचा दगड. सेंट पॅट्रिक्स स्मशानातल्या कित्येक दगडांवर मूळ पॅरिशचं नाव कोरलेलं आहे. नागरिकत्वाचा अर्ज १९०६ नंतरचा असेल तर त्यात जन्मतारीख आणि जन्मस्थळ असतं. आधीचा असेल तर 'आयर्लंड' यापलीकडे फारसं काही नसतं, त्यावर पैसे घालवू नका. जेरेमायाच्या भावाबहिणींचे कागदही बघा. त्याच्या कागदावर 'आयर्लंड' असेल आणि बहिणीच्या कागदावर वाडीचं नाव असेल, असं फार होतं.

पॅरिश कळली की आयर्लंड. इथे एक अडचण आहे जिच्यात भले भले अडकतात. बेअराचा बराचसा भाग कॉर्क काउंटीत आहे, पण चर्चच्या दृष्टीने तो केरीच्या बिशपच्या प्रदेशात येतो. कॉर्कच्या चर्चनोंदींत बेअराचा बाप्तिस्मा शोधत बसलात तर आयुष्य जाईल. केरी बिशप-प्रदेशाच्या नोंदी सरकारी संकेतस्थळावर फुकट आहेत. १८६४ पासूनच्या जन्म-मृत्यू-लग्नाच्या सरकारी नोंदीही तिथेच, नोंदणीचा जिल्हा 'कॅसलटाउन' टाकायचा. बाप्तिस्म्याची तारीख जन्माच्या आधीची दिसली तर घाबरू नका. जन्म उशिरा नोंदवला की दंड होई, म्हणून बाप तारीख पुढे ढकलून सांगत असे. बाप्तिस्म्याची खरी धरायची.

वयांवरही विसंबू नका. १९०१ ला ५५ असलेली म्हातारी १९११ ला ७१ ची होते. कारण १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्यांना पेन्शन सुरू झालं होतं! या दोन जनगणना पूर्ण शाबूत आहेत. आधीच्या बहुतेक गेल्या: १८२१ ते १८५१ च्या डब्लिनच्या फोर कोर्ट्समध्ये १९२२ च्या आगीत, नंतरच्या सरकारनेच नष्ट केल्या. १९११ च्या पत्रकात लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली, किती हयात हे आईकडून लिहून घेतलेलं आहे. जेरेमायाचे आईवडील तेव्हा जिवंत असतील तर घरात दोनच मुलं आणि 'हयात नऊ' असं काही दिसेल. बाकीचे सात कुठे असतील ते तुम्हाला आता ठाऊक आहे.

नावांबद्दल सावध राहा. जेरेमाया हे इंग्रजी कागदावरचं नाव. घरात तो डिअरमिड असणार, आणि इंग्रजी कागदांतही कधी डार्बी म्हणून दिसेल. तिन्ही एकच माणूस असू शकतो. तसाच टायग म्हणजे टिमथी किंवा थॅडी, कोनर म्हणजे कॉर्नेलियस, फिनीन म्हणजे फ्लॉरेन्स (हो, पुरुष), गॉबनेट नावाची बाई ॲबिगेल किंवा डेबरा म्हणून सापडते. शिवाय पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं, असा रिवाज होता. म्हणजे एका आजोबाचे सहा मुलगे असतील तर सहा चुलत जेरेमाया, तेही दहापंधरा वर्षांच्या अंतरात.

हा गोंधळ गावकऱ्यांनाही होताच, म्हणून त्यांनी उपाय काढला. आपण वडिलांचं नाव मध्ये लावतो तसं तिथे 'जेरी डॅन टिम' म्हणत, म्हणजे टिमचा डॅन, डॅनचा जेरी. किंवा शाखेला टोपणनाव: बॉन म्हणजे गोरा, रुआ म्हणजे तांबड्या केसांचा, सीर म्हणजे गवंडी-सुतार. ही टोपणनावं कागदावरही उतरली. ग्रिफिथच्या जमीनमोजणीत (कॉर्कची १८५० च्या दशकाच्या सुरुवातीची) एकाच वाडीत चार डॅनियल सलिव्हन असले की कंसात 'टिम', 'बॉन' असं लिहिलेलं असतं. सुनेच्या घरात एखाद्या म्हाताऱ्या माणसाला 'आम्ही सीर सलिव्हन' असं काही आठवतं का, हे आधी विचारा. तो एक शब्द दहा नोंदींपेक्षा मोलाचा. ग्रिफिथनंतरच्या दुरुस्तीवह्या डब्लिनच्या जुन्या व्हॅल्युएशन ऑफिसच्या संग्रहातल्या (ते ऑफिस २०२३ मध्ये Tailte Éireann या संस्थेत विलीन झालं). जमीन कुणाकडून कुणाकडे गेली ते दर वेळी वेगळ्या रंगाच्या शाईने खोडून लिहिलंय. बाप मेला, मुलगा आला, मुलगा अमेरिकेला गेला, शेत चुलतभावाकडे गेलं, असं सगळं एका पानावर हिरव्या-तांबड्या-निळ्या रेघांत दिसतं.

हे जमलं तर काय दिसतं त्याचं एक जगजाहीर उदाहरण आहे. १३ नोव्हेंबर १९४२ ला 'जुनो' ही युद्धनौका ग्वादलकनालजवळ बुडाली, त्यात आयोवातल्या वॉटर्लूचे पाच सलिव्हन भाऊ गेले. त्यांचे पणजोबा १८४९ मध्ये बेअरावरच्या ॲड्रिगोलजवळच्या ट्रॅफ्रास्क वाडीतून निघाले होते, इथवर त्यांची वंशरेषा बांधलेली आहे. अमेरिकी नौदलाच्या दोन जहाजांना या भावांचं नाव दिलं गेलं, तरी वंशरेषेचं शेवटचं टोक एक लहानशी वाडीच आहे.

डीएनए चाचणीचं विचाराल म्हणून सांगतो. बापाकडून मुलाकडे जाणारी वाय-गुणसूत्राची चाचणी आडनावासाठी उपयोगी, पण ती सुनेची करून काही मिळणार नाही. तिच्या वडिलांची किंवा भावाची करा. मन्स्टरमधल्या अनेक सलिव्हनांचे नमुने एकाच दक्षिण-आयरिश गटात येतात, काहींचे अजिबात येत नाहीत. नेहमीची, सर्व नातेवाईक दाखवणारी चाचणी बेअराच्या लोकांत जरा फसवते. पिढ्यानपिढ्या आपसातच लग्नं झाल्यामुळे पाचव्या पायरीचा चुलतभाऊ तिसऱ्या पायरीचा भासतो.

किती मागे जाता येईल? बेअराच्या चर्चवह्या साधारण १८२० च्या आसपास सुरू होतात, आयरीजच्या तर १८४३ ला. त्याआधी कॅथलिक कुळाचं नाव कागदावर यायचं कारणच नव्हतं. नशीब चांगलं असेल तर १८०० च्या सुमाराला जन्मलेलं एक जोडपं सापडेल. तिथून डोनल कॅमपर्यंतची दोनशे वर्षं कुणी भरून देतो म्हणाला तर पैसे देऊ नका.

तुम्ही आधी ब्यूटची निधनवार्ता आणि लग्ननोंद मिळवा. लग्ननोंदीत जेरेमायाच्या आईचं माहेरचं आडनाव असतं. ते सलिव्हनच निघालं तरी चकित होऊ नका. मात्र शे किंवा हॅरिंग्टन निघालं तर जेरेमाया, बाप आणि आईचं आडनाव या तीन गोष्टींवर केरीच्या नोंदींत बहुधा दोनतीनच कुटुंबं उरतील. ती यादी इथे टाका, त्यातलं कोणतं ते बघू.